आर्त भक्ताची वाट : तुकोबांचा दुष्काळ आणि आपलं दुःख



आजचं वाचन गीतेच्या सातव्या अध्यायातलं, सोळावा श्लोक. भगवंताला भजणाऱ्या पुण्यवान माणसांचे चार प्रकार इथे सांगितले आहेत : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी सगळ्यांत प्रिय आहे, हे पुढच्याच श्लोकात येतं. पण यादीत पहिलं नाव आर्ताचं आहे. आर्त म्हणजे पीडलेला, ज्याला सोसवत नाही म्हणून हाक मारणारा. आणि अठराव्या श्लोकात भगवंत या चौघांनाही उदार म्हणतात. रडत आलेल्याला दारातून परत पाठवलेलं नाही.

आमच्या रविवारच्या हरिपाठानंतर एका ताईने मला विचारलं, दुःख आल्याशिवाय देव भेटतच नाही का? आणि तसं असेल तर मग दुःख कमी करायचा प्रयत्न तरी का करायचा? प्रश्न सोपा नाही. श्लोकाचा अर्थ सांगून मला त्याचं उत्तर देता येईना. म्हणून आज एका आर्त भक्ताचं आयुष्यच आपण पाहू या. नाव सगळ्यांना माहीत आहे, देहूचे तुकाराम महाराज. पण आपण बहुतेकदा त्यांना शेवटाकडून ओळखतो. हातात वीणा, डोक्यावर पागोटं, समोर टाळकरी. आज सुरुवातीकडून पाहू.

तुकोबांचा जन्म बहुतेक अभ्यासक १६०८ सालचा मानतात. घर खाऊनपिऊन सुखी होतं. इंद्रायणीकाठी शेत, बाजारात दुकान, सावकारी आणि देहूच्या पेठेची महाजनकी. वडील बोल्होबा, आई कनकाई. घराण्यात पंढरीची वारी होती, आणि विश्वंभरबाबा नावाच्या पूर्वजाने स्थापन केलेलं विठ्ठलाचं देऊळ होतं. थोरले भाऊ सावजी विरक्त वृत्तीचे, त्यांनी कारभारात लक्ष घातलं नाही. म्हणून तेराव्या वर्षीच दुकानाची जबाबदारी मधल्या मुलाच्या, तुकोबांच्या, अंगावर आली. धाकटे कान्होबा. तुकोबांची पहिली बायको रखमाबाई, तिला दम्याचा त्रास होता. नंतर दुसरं लग्न झालं पुण्याच्या जिजाईशी, तिलाच आवली म्हणतात.

मग एकेक गोष्ट हातातून जायला लागली. परंपरेनुसार सतराव्या वर्षाच्या आसपास आई-वडील गेले. पाठोपाठ थोरली वहिनी गेली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. विशीतल्या पोरावर अख्खं घर. आज आपल्यापैकी कितीतरी जण या वयात पहिल्या नोकरीचा पगार आणि घरभाडं यांचा मेळ घालत असतात. त्या वयात त्यांना धंद्यात खोट आली, आणि त्यावर दुष्काळ आला.

हा दुष्काळ म्हणजे एखादं साधं कोरडं वर्ष नव्हतं. १६३० साली गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये पाऊस गेला. पुढच्या वर्षीही लोक सावरले नाहीत. शाहजहानच्या दरबारी इतिहासात त्याची वर्णनं आहेत, आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यानेही वाटेतली प्रेतं आणि ओसाड गावं नोंदवून ठेवली आहेत. लोकांनी पोटची पोरं विकली. वर दख्खनमध्ये मोगलांच्या फौजा फिरत होत्या, आणि त्याच काळात आदिलशाही सैन्याने पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे ज्या मुलुखात आपण आज लोकलने देहूरोडला उतरतो, तिथेच हे सगळं घडत होतं.

त्या दुष्काळात रखमाबाई गेली. अन्न अन्न करत गेली, हे कुणा चरित्रकाराने रंगवलेलं नाही, स्वतः तुकोबांनी अभंगात नोंदवलं आहे. परंपरा सांगते की थोरला मुलगा संतूही गेला. दिवाळं निघालं. ज्या पेठेचे ते महाजन होते, त्याच पेठेत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. ही लाजही त्यांनी लपवलेली नाही.

इथे मी जरा थांबतो. कारण इथेच आपल्या मनात एक सोयीचं वाक्य तयार होतं : बघा, एवढं दुःख आलं म्हणूनच ते संत झाले. मला हे पटत नाही. त्या दुष्काळात लाखो माणसं भुकेने गेली, ती सगळी संत झाली नाहीत. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण कडवट झाले असतील, कितीतरी जण नुसतेच मोडून गेले असतील. भुकेत स्वतःची अशी काही शक्ती नसते. दुःखाने फक्त एक गोष्ट केली, पायाखालची जमीन काढून घेतली. पुढे पाऊल कुठे टाकायचं ते तुकोबांनी ठरवलं. गाथेत एक अभंग आहे, त्यात त्यांनी आपली सगळी वाट क्रमाने सांगितली आहे. तोच क्रम आपण पकडू.

आधी त्यांनी एकांत गाठला. देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर ते जाऊन बसले. परंपरेप्रमाणे पंधरा दिवस. शेवटी कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले. आपण पुष्कळदा डोंगरावरचा साक्षात्कारच आठवतो. मला मात्र डोंगरावरून उतरणं तितकंच महत्त्वाचं वाटतं. भावाने हाक मारली आणि ते उतरून आले. एकांत हवा होता, पण तो कायमचा नव्हता.

उतरल्यावर काय केलं? घरात कर्जखतं होती. लोकांकडून येणं असलेले कागद. दुष्काळातून अर्धमेल्या अवस्थेत बाहेर पडलेल्या गावकऱ्यांच्या गळ्याभोवतीचे ते फास होते. त्या कागदांची दोन भावांत वाटणी केली. अर्धे कान्होबांना दिले, कारण त्यांचा संसार होता आणि त्यांच्या वाट्याचं सोडायचा अधिकार तुकोबांना नव्हता. स्वतःच्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडून दिले. भाऊ आपल्यासारखा विरक्त व्हावा असा हट्ट त्यांनी धरला नाही. स्वतःच्या दुःखाचा पहिला उतारा त्यांनी शोधला तो दुसऱ्याचं ओझं उतरवण्यात. आणि तेही स्वतःच्या खिशातून.

मग देऊळ. घराण्याचं विठ्ठलमंदिर पडायला आलं होतं. ते नीट करावं असं त्यांच्या मनाने घेतलं. माती, दगड, हाताचं काम. ज्यांना कधी खूप मोठा धक्का बसला आहे त्यांना हे लगेच कळेल. अशा दिवसांत डोळे मिटले की नको तेच दिसतं. डोळे उघडे ठेवून हाताला काम देणं हे पुष्कळदा ध्यानाच्या आधी यावं लागतं.

त्यानंतर एकादशीचं कीर्तन सुरू केलं. आणि इथे तुकोबा एक गोष्ट कबूल करतात, ती मला फार धीर देते. सुरुवातीला अभ्यासात आपलं चित्त नव्हतं, असं ते सांगतात. म्हणजे मन लागल्यावर कीर्तन सुरू केलं असं झालं नाही. मन लागत नसताना केलं. मग काही संतांची वचनं श्रद्धेने पाठ केली. पुढे उभं राहून गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. ज्यांच्या अभंगांवर आज अख्खा महाराष्ट्र ठेका धरतो, ते आधी कुणाच्या तरी मागे उभे राहून नुसतं पालुपद म्हणत होते. स्वतःचे शब्द नसतात तेव्हा दुसऱ्याचे शब्द धरून उभं राहावं. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर यांचे शब्द त्यांनी असेच धरले.

माझे बाबा गेल्या वर्षी दीर्घ आजारानंतर गेले. त्या महिन्यात मला जप होत नव्हता. माळ हातात घ्यायचो आणि दहा-बारा मण्यांवर डोकं दुसरीकडेच जायचं. भेटायला येणारी माणसं मनापासून धीर द्यायची. कुणी प्रारब्ध म्हणायचं, कुणी देव आवडत्यांचीच परीक्षा घेतो म्हणायचं. त्यांच्या शब्दांनी हलकं काही वाटलं नाही. हलकं वाटलं ते शेजारच्या काकांमुळे. ते रोज संध्याकाळी यायचे, समोर बसायचे आणि मोठ्याने हरिपाठ म्हणायचे. मला म्हणायला लावायचे नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी पालुपदापुरता माझा आवाज आपोआप लागला. ध्रुपद धरणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

पुढे तुकोबांना स्वप्नात दोन प्रसाद मिळाले. बाबाजी चैतन्यांनी रामकृष्णहरी हा मंत्र दिला. नामदेवांनी पांडुरंगाला बरोबर घेऊन येऊन कविता करायला सांगितलं. मग अभंग सुरू झाले. आज गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते की या माणसाने देवासमोर कधी शहाणपणाचा मुखवटा घातला नाही. ते देवाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, तू आहेस की नाहीस इथपर्यंत जातात. रात्रंदिवस आत-बाहेर युद्ध चालू आहे असं सांगतात. आपल्याला वाटतं भक्ताने नेहमी प्रसन्न दिसायला हवं, स्टेटसवर सकाळी फूल आणि सुविचार टाकायला हवा. तुकोबांचं भजन तसं नाही. त्यांनी दुःख देवापासून लपवलं नाही. ते त्याच्याचकडे घेऊन गेले. आर्त याचा खरा अर्थ हाच.

दुःख तिथे संपलं का? अजिबात नाही. एका शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा, हे काहींना सहन झालं नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट यांच्याकडून निषेध झाला, आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत एकदा स्वतःच्या खुशीने कर्जखतं सोडली, तिच्यातच आता जिवाचं सगळं धन सोडावं लागलं. यावेळी ते शांत राहिले नाहीत. मन दुखावलं असं ते स्वच्छ सांगतात. नदीकाठी शिळेवर धरणं धरून बसले, अन्नपाणी सोडून, तेरा दिवस. पुढे वह्या कोरड्या वर आल्या अशी परंपरेची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेत मीही आहे. पण ज्याला चमत्कार पटत नाही त्याच्यासाठीही इथे पुरेसं आहे. लोकांच्या ओठांवर बसलेले अभंग कोणत्याही पाण्यात बुडत नाहीत.

आणि रामेश्वर भट्टांचं काय झालं? ते पुढे तुकोबांचे शिष्य झाले. मंबाजी गोसावींनी काटेरी फांदीने मारलं, तर तुकोबा त्यांना कीर्तनाला बोलवायला स्वतः गेले, असं महिपतींनी लिहिलं आहे. चाकणचे संताजी जगनाडे, शिऊरच्या बहिणाबाई अशी माणसं भोवती जमली. बहिणाबाईंना घरात नवऱ्याचा छळ होता. त्यांना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला, आणि त्या देहूला आल्या. सोसलेल्या माणसाकडे सोसणारी माणसं येतात, कारण तिथे त्यांना स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. गाथेत एक अभंग फार प्रसिद्ध आहे, ज्यात तुकोबा म्हणतात की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने पीडा केली तेही बरं झालं, कारण त्यामुळे देवाचं चिंतन राहिलं. हाच अभंग पुष्कळदा दुःखी माणसाच्या तोंडावर मारला जातो. बघ, तुकोबासुद्धा दुष्काळाचे आभार मानतात!

हे बरं झालं कोण कुणाला सांगतंय, ते नीट पाहा. तुकोबा स्वतःच्या दुःखाबद्दल बोलतायत, ते ओसरल्यावर बोलतायत, आणि देवाशी बोलतायत. रखमाबाई भुकेने तळमळत असताना तिच्या उशाशी बसून ते असं म्हणाले नाहीत. भुकेलेल्या गावकऱ्याला त्यांनी तुझी भूक ही कृपा आहे असं सांगितलं नाही, त्याची कर्जखतं नदीत टाकली. साधू कोण, तर रंजल्या-गांजल्याला आपलं म्हणणारा, ही ओळखही याच माणसाने दिली. दोन्ही अभंग एकाच हातचे आहेत, आणि एकत्र वाचले की अर्थ सरळ होतो. स्वतःच्या दुःखातून अर्थ काढायचा अधिकार ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या दुःखाबाबत आपल्याला एकच काम दिलेलं आहे, ते हलकं करणं.

म्हणून दुःख कमी करायचा प्रयत्न भक्तीच्या आड येत नाही. तो भक्तीचाच भाग आहे. दुःख देवाकडे नेऊ शकतं, पण देवाने ते जपून ठेवायला सांगितलेलं नाही.

आणि जिजाई? तिच्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. कीर्तनांमध्ये तिला कजाग बायको म्हणून हसण्यावारी नेतात, आणि तुकोबांच्या अभंगांतही तिच्यावर कोरडे शब्द आहेत. पण घरात पोरं होती, चूल होती, आणि मिळालेलं वाटून टाकणारा नवरा होता. भंडारा डोंगरावर ते चिंतनात बसलेले असताना ही बाई भाकरी बांधून डोंगर चढायची. त्यांना जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवायची नाही, असं परंपरा सांगते. विठ्ठलाला ती शिव्या द्यायची म्हणे. मला वाटतं, ती सुद्धा आर्तच होती. तिची हाक वेगळ्या भाषेत होती, एवढंच. देहूच्या कथेत असं आहे की काटा तिच्या पायात रुतला तेव्हा तो काढायला विठ्ठलच आला. परंपरेने तिचा न्याय केला आहे, आपणही करावा. आपली साधना चालू असताना घरात कुणाच्या पायात काटा रुततोय का, हे पाहणं साधनेबाहेरचं नाही.

१६५० च्या फाल्गुनात, वद्य द्वितीयेला, तुकोबा गेले. वारकरी म्हणतात वैकुंठाला गेले. जिजाई तेव्हा गरोदर होती. नंतर जन्मलेल्या नारायणबाबांनी पुढे पादुका पालखीत ठेवून पंढरीला न्यायची प्रथा सुरू केली, तीच आजची पालखी. दुष्काळात ज्या घराचं सगळं गेलं, त्या घराच्या मागून आज लाखो माणसं चालतात.

आजच्या मननासाठी तुकोबांच्या वाटेवरून उचललेल्या काही गोष्टी देतो. ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यावी.

पहिली, एकांत घ्या पण त्याला मुदत ठेवा, आणि कुणीतरी कान्होबा तुम्हाला शोधू शकेल असा पत्ता मागे ठेवा. रात्रभर एकट्याने फोन स्क्रोल करणं हा एकांत नाही.

दुसरी, कुणाचं तरी एक येणं सोडून द्या. पैसेच असायला हवेत असं नाही. एखादी जुनी तक्रार, कुणीतरी मागायची राहिलेली माफी, तीही कर्जखतंच असतात. फक्त आपल्या वाट्याचं सोडा, दुसऱ्याच्या वाट्याचं परस्पर सोडू नका.

तिसरी, हाताला काम द्या. देवघर पुसा, कुणाच्या घरी डबा पोचवा, सोसायटीतल्या आजींना बँकेत घेऊन जा.

चौथी, जप होत नसेल तर ध्रुपद धरा. जिथे चार लोक भजन म्हणतात तिथे मागे जाऊन उभे राहा. मन लागलं पाहिजे अशी अट घालू नका.

पाचवी, देवाशी खरं बोला. रागावला असाल तर रागवा. त्याला सवय आहे.

आणि एक सांगायलाच हवं. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, शरीर साथ देत नसेल, तर डॉक्टरांकडे जा, समुपदेशकाकडे जा, घरच्यांना सांगा. त्याने नामावरची श्रद्धा कमी होत नाही. भामनाथावर बसलेल्या तुकोबांना शेवटी घरी आणलं ते भावानेच, आणि मला तर त्या कान्होबांच्या हाकेत विठ्ठलच दिसतो.

तुमच्यापैकी कुणी आज खरंच आर्त असेल, तर एवढंच लक्षात असू द्या की गीतेच्या त्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे. ज्ञान नंतर येईल. आज नुसती हाक पुरे.

उद्या सतरावा श्लोक घेऊ, ज्ञानी भक्त भगवंताला इतका प्रिय का, ते पाहू. तोवर संध्याकाळी दिव्यापाशी पाच मिनिटं बसा. नाम घेता आलं तर घ्या, नाही तर ऐका.

राम कृष्ण हरी.